पाहणाऱ्याचा वाटा

हिंसा तीन वाटांनी घडते, असं आम्हाला पाठशाळेत शिकवलं. स्वतः केली ती कृत, दुसऱ्याकडून करवून घेतली ती कारित, आणि कुणी करत असताना आपण मनातून ‘बरं झालं’ म्हटलं, ती अनुमोदना. पहिल्या दोन वाटा लहान मुलालाही कळतात. मुंगी चिरडायची नाही आणि शेजारच्याला चिरडायला सांगायचंही नाही. घोळ होतो तो तिसऱ्या वाटेशी. कारण हात आवरता येतो, जीभ आवरता येते, पण मनाला कडी-कोयंडा नसतो. आणि या तिसऱ्या वाटेच्या तोंडाशीच आणखी एक गोष्ट उभी असते, जिचं खातं कुठलं ते चटकन सांगता येत नाही. ती म्हणजे नुसतं पाहणं.

हा प्रश्न आमच्या महिला मंडळात निघाला, तो मी इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर जाऊन आले म्हणून. स्वाध्याय संपला होता, चटया गुंडाळायचं चाललं होतं. एक काकी म्हणाल्या, “काय गं, हरणं फाडून खाणारं जनावर बघायला पैसे भरून गेलतीस होय? देवदर्शन कमी पडलं की काय?” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण काकींचा प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नव्हता. हिंसा जिथं रोजची आहे अशा ठिकाणी जाणं, तिकीट काढणं, उभं राहून बघणं, यात पाहणाऱ्याचा वाटा किती? तो नीट मोजून बघावा म्हणून हा लेख.

आधी जागा कुठली ते सांगते. बालीच्या पूर्वेला सुंबावा आणि फ्लोरेस ही दोन मोठी बेटं आहेत. त्यांच्या मधल्या समुद्रात कोमोडो, रिंचा, पदार ही तीन आणि इतर बरीच बारकी बेटं विखुरलेली आहेत. ही बेटं आणि भोवतालचा समुद्र मिळून 1980 साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 1991 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. जगभरची माणसं तिथं जातात ती दोन गोष्टींसाठी. जमिनीवर कोमोडो ड्रॅगन आणि पाण्याखाली पोवळ्यांची बनं. ड्रॅगन हे नाव भीतीतून पडलेलं. खरं तर हा प्राणी आपल्याकडच्या घोरपडीच्याच कुळातला, तिचा थोरला भाऊ म्हणा. तीन मीटरपर्यंत लांब, सत्तर किलोच्या घरात वजन. जगात आज जिवंत असलेला हा सगळ्यांत मोठा सरडा. शास्त्रज्ञांच्या वहीत त्याची नोंद 1912 साली झाली. बेटावरची माणसं मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘ओरा’ या नावानं ओळखत होती. जंगलात ते आता तीन हजारांच्या आसपास उरलेत.

लेकीनं आणि जावयानं बेत ठरवला आणि मला बरोबर घेतलं. बेळगावहून बंगळूर, तिथून बाली, बालीहून फ्लोरेसवरचं लाबुआन बाजो हे बंदराचं गाव, आणि तिथून पुढं होडी. माझ्या पिशवीत दशम्या, शेंगाचटणी आणि मेतकूट होतं. होडीवरच्या आचाऱ्याला कांदा नको, बटाटा नको हे सांगताना लेकीची पुरेवाट झाली. दिवस मावळायच्या आत जेवणार म्हटल्यावर तर तो हसायलाच लागला. म्हणाला, “आमच्या रमजानात आम्ही नेमकं दिवस मावळल्यावर जेवतो.” मग त्यानं रोज साडेपाचच्या आत भात आणि भाजी माझ्यापुढं आणून ठेवली. ज्याला माझ्या व्रताचं कारण ठाऊक नव्हतं, त्यानं ते पाळायला मात्र मदत केली.

कोमोडो बेटावर लोह लियांग नावाच्या ठिकाणी होडी लागते. तिथून पुढं रक्षकाशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. रक्षकाच्या हातात बंदूक नसते, टोकाला दोन फाटे असलेली लांब काठी असते. ड्रॅगन अंगावर आलाच तर मानेला फाटा लावून त्याला मागं रेटायचं. निघण्याआधी त्यानं आम्हाला एकत्र उभं केलं आणि विचारलं, कुणाला जखम आहे का, आणि कुणा बाईची पाळी चालू आहे का. ड्रॅगनचं नाक म्हणजे त्याची जीभ. ती दुभंगलेली पिवळी जीभ आत-बाहेर करत तो लांबून रक्ताचा वास घेतो, म्हणून हा प्रश्न. घोळक्यातली एक तरुण मुलगी जरा थांबून ‘हो’ म्हणाली. मला वाटलं, आता हिला मागं ठेवणार. आपली सवय ती! बाहेरची झालेली बाई म्हटली की तिला आधी कडेला बसवायचं. रक्षक मात्र सहज म्हणाला, “तुम्ही मधोमध चाला, माझ्याजवळ.” तेवढंच. तिला कडेला केलं नाही, मध्ये घेतलं. यावर मंडळात बसून बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण इथं मला वेगळंच म्हणायचंय. त्या एका प्रश्नानं आमचं स्थान आम्हाला कळलं. आम्ही बघायला आलो होतो खरं, पण त्या रानात आम्हालाही कुणीतरी हुंगत होतं. बघणारा हा बघण्याच्या गोष्टीबाहेर उभा असतो, हा समज तिथं पहिल्या पाच मिनिटांतच जातो.

ड्रॅगन दिसले. तीन-चार तर रक्षकांच्या स्वयंपाकघराच्या सावलीतच पसरले होते. तिथली घरं खांबांवर उभी असतात. वर शिजणाऱ्या अन्नाचा वास येतो, म्हणून हे खाली येऊन पडतात. डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी मातीला टेकलेली, पाय मागं पसरलेले. उन्हात आडवं झालेलं एखादं म्हातारं माणूसच जणू. पण याच प्राण्याच्या चाव्यात विष असतं. आधी समज असा होता की त्याच्या तोंडातल्या घाणीनं जखम सडते. 2009 साली संशोधकांनी दाखवलं की त्याच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी आहेत. त्या विषानं रक्त गोठत नाही आणि रक्तदाब घसरत जातो. हरीण, रानडुक्कर, प्रसंगी रेडासुद्धा तो धरतो. मोठं जनावर सुटून पळालं, तरी तो घाई करत नाही, मागं मागं जात राहतो. स्वतःच्या जातीची पिल्लंही तो सोडत नाही. म्हणून अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू लगेच झाडावर चढतं आणि पहिली काही वर्षं तिथंच काढतं. आईबापाच्या तोंडून वाचण्यासाठी झाडावर राहणारं पोर, हे ऐकताना अंगावर काटा आला.

रक्षक म्हणाला, एकदा पोटभर खाल्लं की हा महिनाभर काही खात नाही. घोळक्यातल्या एका हिंदी बोलणाऱ्या बाईनं कौतुकानं म्हटलं, “मासखमण की तपस्या!” मला हसू आलं, पण ते खरं नव्हे. उपवासात नकार असतो. समोर ताट आहे, भूक आहे, आणि तरी ‘आज नाही’ असं आपण आपल्याला सांगतो, तेव्हा उपवास होतो. ड्रॅगनपुढं ताट नसतं म्हणून तो खात नाही. त्याचं न खाणं पुण्य नाही, तसंच त्याचं खाणं क्रौर्यही नाही. क्रूर कोण? ज्याच्यापुढं दुसरी वाट असते आणि तरी जो ही वाट घेतो, तो. आपण प्राण्यांना ‘निर्दय’ म्हणतो तेव्हा आपली विशेषणं त्यांच्या गळ्यात अडकवतो.

इथं कुणी म्हणेल, मग सिंहाचं काय? महावीरांच्या पूर्वभवांतली सिंहाची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकीनं ऐकलेली आहे. रानात हरीण मारून खात बसलेला सिंह. आकाशमार्गानं जाणारे दोन चारण मुनी खाली उतरतात, त्याच्यापुढं उभे राहतात, त्याला त्याच्या आत्म्याची ओळख सांगतात. सिंहाच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. तो मांस सोडतो. आणि सिंहाला दुसरं अन्नच नाही, म्हणून तो अन्नच सोडतो, आणि शांतपणे देह ठेवतो. तिर्यंच गतीतल्या, पाच इंद्रियं आणि मन असलेल्या जीवालाही सम्यक्‌ दर्शन होऊ शकतं, हे या गोष्टीतून शिकवतात. पण मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मुनी येईपर्यंत सिंहाला दोष दिलेला नाही. कुणीतरी येऊन सांगितल्यावर त्याच्यापुढं निवड आली, आणि निवड आली तिथूनच त्याची गोष्ट सुरू झाली.

कोमोडोच्या लोकांचीही एक गोष्ट आहे. तीही हरणाभोवतीच फिरते. नाग राजकन्येला जुळं झालं. मुलगा माणसाचा, त्याचं नाव गेरोंग. मुलगी ओराची, तिचं नाव ओरा. मुलगा माणसांत वाढला, मुलगी रानात. दोघांना एकमेकांची माहिती नाही. मोठा झाल्यावर गेरोंगनं रानात हरीण मारलं. तेवढ्यात झाडीतून भली मोठी ओरा आली आणि हरणाला तोंड लावू लागली. त्यानं भाला उगारला. तेव्हा आई प्रकट झाली आणि म्हणाली, मारू नकोस, ही तुझी बहीण आहे. त्या दिवसापासून बेटावरची माणसं ओराला बहीण मानतात. शिकार केली की तिचा वाटा रानात ठेवून यायची चाल होती असं सांगतात. जिला सगळं जग राक्षस म्हणतं, तिच्याशी रक्ताचं नातं सांगणारी ही माणसं मला फार मोठी वाटली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. बेटावरच्या गोष्टीत बहीण वाचली, पण हरीण मेलेलंच राहिलं. त्याच्यासाठी कुणाची आई आली नाही. आपल्या गोष्टीत हरणाचाही जीव मोजलेला आहे, पण तिथं सिंहाला प्राण द्यावा लागला. तिसरी गोष्ट, जिच्यात हरीणही जगेल आणि खाणाराही जगेल, ती रानात नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात आहे. डाळ-भाकरीवर धडधाकट जगू शकणारा जीव म्हणजे आपण. म्हणून अहिंसेचा हिशोब रानाला मागायचा नसतो, तो आपल्याला द्यायचा असतो. हे मान्य केलं की मूळ प्रश्न स्वच्छ दिसायला लागतो. ड्रॅगननं हरीण खाल्लं हा त्याचा प्रश्न. आपण ते बघायला गेल्यानं काय झालं, हा आपला.

काय झालं ते कोमोडोच्याच इतिहासात आहे. उद्यान झाल्यावर पर्यटक वाढू लागले. एवढ्या लांबून पैसे खर्चून आलेल्या माणसाला ड्रॅगन दिसलाच पाहिजे. तोही झोपलेला नको, खाताना दिसला पाहिजे. म्हणून बानू नग्गुलुंग नावाच्या जागी एक पद्धत पडली. बकरी कापायची, ती खाली कोरड्या ओढ्यात ड्रॅगनपुढं टाकायची, आणि पाहुण्यांनी कुंपणाआड उभं राहून बघायचं. बकरीचे पैसे पाहुण्यांच्याच खिशातून जायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. ड्रॅगन शिकारीला जायचे सोडून त्या ओढ्याशी गोळा होऊ लागले. शेवटी 1994 साली हे चारणं बंद केलं.

आता सांगा, रानात मेलेलं हरीण आणि ओढ्यात टाकलेली बकरी यांत फरक काय? जिवाला होणारी वेदना सारखीच. पण हरीण मेलं ते भुकेसाठी, आणि बकरी मेली ती डोळ्यांसाठी. त्या माणसांपैकी एकानंही सुरी हातात धरली नसेल. प्रत्येकजण म्हणाला असता, आम्ही तर नुसतं बघत होतो. पण ते पाहणं अनुमोदनेच्याही पुढं जाऊन थेट कारितमध्ये पोचलं होतं. आपल्या श्रावकाचारात याला नाव आहे, अनर्थदंड. ज्या हिंसेनं कुणाची भूक भागत नाही, कुणाचं रक्षण होत नाही, जिला कसलंच प्रयोजन नाही, ती हिंसा. आमच्या भागातल्या जत्रांत एडक्यांच्या टकरी लावायचे. डोकी फुटेपर्यंत एडके एकमेकांवर आदळायचे आणि भोवती माणसांचं कडं. आमच्या घरातल्या मोठ्या बायका आम्हाला त्या कड्याजवळ जाऊ द्यायच्या नाहीत. तेव्हा वाटायचं, आपण कुठं एडक्याला मारतोय? आता कळतं. कडं नसतं तर टक्कर लागलीच नसती.

इथं एक अडचण आहे, ती टाळून पुढं जाता येणार नाही. या बेटांवर बाहेरून चोरून हरणं मारणारे येतात. हरणं संपली तर ड्रॅगन संपले. राखण करायला माणसं लागतात, होड्या लागतात, आणि तो पैसा बऱ्याच अंशी पर्यटकांच्या तिकिटातून येतो. मग कुणी म्हणेल, काही बकऱ्या गेल्या, पण त्या पैशानं हरणं वाचली, ड्रॅगन वाचले. हिशोब जमेचाच नव्हे का? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, या हिशोबात दोन वेगळ्या रकमा एका खात्यात लिहिल्या आहेत. राखणीसाठी पैसे देणं ही एक गोष्ट, आणि त्या पैशाच्या बदल्यात तमाशा मागणं ही दुसरी. पहिली दुसरीवाचून होऊ शकते. 1994 नंतर बकऱ्या बंद झाल्या म्हणून पर्यटक यायचे थांबले नाहीत, उलट वाढलेच. म्हणजे त्या बकऱ्या राखणीची किंमत नव्हत्या. त्या आपल्या हौसेची किंमत होत्या.

बकरी गेली, पण हौस गेली का? ती मी डोळ्यांनी बघितली. वाटेत एके ठिकाणी झाडाखाली मोठा ड्रॅगन पडला होता. आम्ही पंधरा-वीसजण थोड्या अंतरावर उभे. तेवढ्यात पलीकडच्या झुडपातून एक हरीण बाहेर आलं. पोरसवदा होतं, शिंगं नुकती फुटलेली. क्षणात सगळे फोन वर गेले. कुणी बोलेना. ड्रॅगननं मान उचलली, जीभ बाहेर काढली. लेकीनं माझा हात घट्ट धरला होता आणि मी मनातल्या मनात णमोकार म्हणत होते. हरीण थबकलं, मान वळवून बघितलं, आणि लांबून वळसा घालून निघून गेलं. ड्रॅगननं हनुवटी परत मातीला टेकली. आणि आमच्या घोळक्यातून, दोन-तीन वेगवेगळ्या तोंडांतून, एक आवाज आला. “च्च!”

तो ‘च्च’ माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तो काढणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांतल्या एकानं थोड्या वेळापूर्वी मला चढणीवर हात दिला होता. पण एक जीव वाचला, आणि त्या वाचण्याची त्यांना हळहळ वाटली. पाठशाळेतल्या ‘अनुमोदना’ या शब्दाचा अर्थ मला साठ वर्षांत कुणी इतका स्वच्छ करून सांगितला नव्हता.

आत्म्याचा स्वभाव ज्ञाता-द्रष्टा आहे, असं आपण रोज वाचतो. जाणणारा आणि पाहणारा. पर्यटकालाही वाटतं, मी फक्त पाहतो, काही करत नाही. पण द्रष्टा आणि प्रेक्षक यांत फरक आहे. प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असतं, म्हणून समोर काहीतरी घडलं पाहिजे, हा त्याचा हट्ट असतो. घडलं नाही तर तो ‘च्च’ करतो. द्रष्ट्याला जे आहे ते पुरतं. ड्रॅगन झोपला आहे? झोपलेला बघू. हरीण निघून गेलं? जाऊ दे. प्रेक्षकाचं पाहणं समोरच्याला बदलायला लावतं. बकरी आणायला लावतं, झोपलेल्याला उठवायला लावतं. द्रष्ट्याच्या पाहण्यानं समोरचं होतं तसंच राहतं. एकाच जागी, एकाच तिकिटावर, शेजारी शेजारी उभी असलेली दोन माणसं या दोन टोकांवर असू शकतात. म्हणून ‘तिथं जाणं पाप की पुण्य’ असा सरसकट प्रश्न मला अपुरा वाटतो.

पण नुसत्या भावानंही भागत नाही. हे मला जमिनीपेक्षा पाण्यात जास्त कळलं. कोमोडोच्या समुद्रात पोवळ्यांचे अडीचशेहून जास्त प्रकार आहेत आणि माशांचे हजारभर. मी पोहत नाही. जॅकेट घालून, तोंडाला काच लावून, होडीवरच्या पोराचा हात धरून पाण्यावर तरंगले. खाली जांभळी, पिवळी, हिरवट बनं आणि त्यांतून पळणारे निळे मासे. आमच्याकडे मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर पोवळी ओवतात. ती पोवळी वेगळ्या जातीची, दूर भूमध्य समुद्रातून येणारी. पण गळ्यात आयुष्यभर वागवलेल्या मण्याचे भाऊबंद जिवंत असताना कसे दिसतात, ते तिथं पहिल्यांदा पाहिलं. आपल्या शास्त्रांत पोवळ्याची गणना पृथ्वीकायिक जीवांत केली आहे. आजचं जीवशास्त्र त्याला बारक्या बारक्या प्राण्यांची वसाहत म्हणतं. वाद पंडितांवर सोपवू. दोघांनीही त्याला निर्जीव दगड म्हटलेलं नाही, एवढं आपल्याला पुरे.

या जीवाला तोंड वासून ओरडता येत नाही. तिथं बघ्याचा एक पाय टेकला की तो मोडतो. गोळ्यासारखी वाढणारी पोवळी वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माझ्या वयाएवढं पोवळं एका टाचेखाली जातं, आणि टाच टेकणाऱ्याला कळतही नाही. त्याचा भाव निर्मळ असेल, पण पोवळं गेलंच. याला आपण प्रमाद म्हणतो. म्हणून द्रष्ट्यालाही जपून चालण्याची, ईर्या समितीची, गरज सुटत नाही. पूर्वी या समुद्रात बाटलीत खत आणि रॉकेल भरून बॉम्ब करायचे आणि त्यानं मासे मारायचे. बॉम्ब फुटला की पोवळ्यांचा चुरा होतो. तो चुरा लाटांबरोबर हलत राहतो आणि त्यावर नवं पोवळं रुजत नाही. काही ठिकाणी संशोधकांनी दगडांचे ढीग रचून पोवळ्यांना रुजायला पक्की जागा करून दिली. मोडायला एक क्षण, आणि जोडायला वर्षं.

आता राहिली बेटावरची माणसं. कोमोडो गावात उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं राहतात. उद्यान झालं आणि त्यांची शिकार बंद झाली. आता बरीचजण लाकडाचे ड्रॅगन कोरून विकतात. 2019 मध्ये एक बेत जाहीर झाला की कोमोडो बेट वर्षभर बंद करायचं आणि या लोकांना दुसरीकडं हलवायचं. तो मागं घेतला. मग 2022 मध्ये प्रवेशाचं शुल्क माणशी साडेसदतीस लाख रुपिया करायचं ठरलं. लाबुआन बाजोतल्या पर्यटनावर पोट असलेल्यांनी काम बंद ठेवलं. ते आधी पुढं ढकललं आणि मग रद्द केलं. या सगळ्यात मला आपल्यासाठी एक धडा दिसतो. प्राण्यांना जपायचं ही गोष्ट चांगलीच, पण व्रत आपण आपल्यावर घ्यायचं असतं. आपल्या अहिंसेचा उपवास दुसऱ्याच्या पोरांना घडवायचा नसतो. जी माणसं ओराला बहीण म्हणत आली, त्यांनाच तिच्या नावानं घराबाहेर काढायचं, यात दया कुठं आहे?

मग जावं की जाऊ नये? श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे, म्हणजे आपल्या जाण्यायेण्याच्या दिशांना स्वतःहून घातलेली मर्यादा. लहानपणी मला हे व्रत अगदी निरर्थक वाटायचं. कुठं जायला मिळतंय म्हणून मर्यादा घालायची? आज विमानानं दोन दिवसांत समुद्रापार जाता येतं, तेव्हा त्याचं मोल कळतं. 2021 साली कोमोडो ड्रॅगनचं नाव ‘संकटग्रस्त’ प्राण्यांत गेलं. कारण काय, तर हवा तापते आहे, समुद्राची पातळी वाढते आहे, आणि पुढच्या पंचेचाळीस वर्षांत त्याच्या राहण्याजोग्या जागेतली तीस टक्के तरी जागा जाईल असा अंदाज आहे. हवा तापवण्यात विमानांचाही हातभार आहे, आणि त्या विमानांत मीही बसले होते. बकरीचा हिशोब दिसतो, धुराचा दिसत नाही, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ऊठसूट जाऊ नये. आयुष्यात मोजक्या जागा निवडाव्यात आणि त्या पोटभर बघाव्यात. जाल तिथं राखणीचे पैसे हात आखडता न घेता द्यावेत, आणि बदल्यात काही घडवून मागू नये. पाण्यात पाय टेकू नये. तिथल्या माणसाला विचारावं की हे रान तुमच्या कोण लागतं. कारण नातं सांगणारा माणूस सहसा लुटारू नसतो. आणि ही पथ्यं बेटासाठीच आहेत असंही नाही. घरात बसून टीव्हीवर वाघाची शिकार बघतानाही ती लागू पडतात, शेजारच्या घरातलं भांडण खिडकीतून ऐकतानाही लागू पडतात. तिथंही आपण काही करत नसतो, नुसत्या बघत असतो. तेव्हा आपल्या आत कान लावून ऐकावं. भांडण लवकर मिटलं तर सुटल्यासारखं वाटलं, की आत कुठंतरी ‘च्च’ झालं? त्याचं उत्तर कुणाला सांगायची गरज नाही. आपल्यापुरतं खरं असलं की झालं.